सात छिद्रांचे एकमत

वेगवान मोटारीच्या पाठीवरच्या पंखाबद्दल आपल्याकडे दोनच मते आढळतात. ज्याच्याकडे तशी मोटार नसते त्याला तो नाकापेक्षा जड झालेला मोती वाटतो. ज्याच्याकडे असते त्याला तो नाकच वाटतो. डॉ. मालविका खरवंडीकर यांची हयात नाशिकच्या वातबोगद्यात, मोटारींवर वारा सोडण्यात गेली होती, आणि त्यांचे मत तिसरेच होते. ताशी ऐंशीच्या आत हा पंख दागिना आहे, दोनशेला तो अवयव आहे, आणि ज्या देशात ऐंशीच्या वर जायला धड रस्ता नाही तिथे तो विकणे याला फसवणूक म्हणत नाहीत, विपणन म्हणतात. हे त्या दर वर्षी वर्गाला ऐकवीत. विद्यार्थी मनापासून हसत आणि पदवी हातात पडली की पंख विकणाऱ्या कंपन्यांत रुजू होत.

पुढे सरकारने रस्ता केला. नाशिकहून पूर्वेला जाणाऱ्या महामार्गाला कुंपणाआडची एक वेगळी मार्गिका जोडली गेली. तिला वेगमार्गिका म्हणत. तिथे ताशी दोनशेपर्यंत जाण्याची मुभा होती. अट एवढीच की मोटारीचा मागचा पंख कार्यक्षम असावा. तो तसा आहे हे कोण ठरवणार? मोटार स्वतः. फाटक मोटारीला विचारी, मोटार ‘उत्तम’ असे कळवी, फाटक उघडे. या राज्यात माणसाला जिवंत असल्याचा दाखलासुद्धा दुसऱ्याच्या सहीने आणावा लागतो; यंत्राला मात्र स्वतःच्या चारित्र्याची ग्वाही स्वतःच देता येत होती. अशा रीतीने दागिन्याला प्रवेशपत्राचे मोल आले आणि ‘तेजोयान’ कंपनीची ‘शिक्रा’ ही मोटार हातोहात खपली. तिच्या पंखाला कंपनीने ‘पिसारा’ असे नाव दिले होते. एरवी तो पाठीत मिटलेला असे. गरज पडली की उठे.

गरज म्हणजे काय, हे समजून घेणे अवघड नाही. मोटारीचे छत वरून फुगीर आणि पोट सपाट, म्हणजे कापून पाहिली तर विमानाच्या पंखासारखीच. वरून जाणाऱ्या हवेला वेग घ्यावा लागतो, तिचा दाब उतरतो, आणि मोटार किंचित वर ओढली जाते. हा ओढा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर ओढा चौपट. गावातल्या वेगाला तो पाठीवर ठेवलेल्या भाजीच्या पिशवीनेही जिरेल. दोनशेच्या आसपास मात्र मागच्या चाकांवरून एक धडधाकट माणूस उठून गेल्यासारखे होते, आणि तोही नेमका वळणावर. उठलेला पंख त्या हवेची घसरण मोडतो आणि चाकांना रस्त्यावर टेकवून धरतो. पण उठलेला पंख हवेला अडवतोही, त्यामुळे विजेचा साठा लवकर संपतो. म्हणून जुन्या मोटारी ठरावीक वेगाला तो उठवीत आणि मालक कुरकुरत.

शिक्राने या कुरकुरीवर उपाय काढला होता. तिच्या मागच्या झाकणाच्या कडेला, सुईच्या अग्राएवढी सात छिद्रे एका ओळीत होती. प्रत्येक छिद्रामागे दाब मोजणारा एक पडदा. छिद्रे हवेचा ओढा प्रत्यक्ष अनुभवत आणि खरोखर गरज असेल तेव्हाच पिसारा उठवीत. धुळीने एखादे छिद्र बुजले तर काय, याचाही विचार झाला होता: सातांत बहुमत घ्यायचे, वेगळे बोलणाऱ्याकडे दुर्लक्ष करायचे. परदेशातल्या चाचण्यांत बर्फ, मीठ, परागकण आणि पक्ष्यांची विष्ठा यांपुढे ही योजना निर्दोष ठरली.

मालविकाबाईंचा भाचा निषाद दसऱ्याच्या दुपारी त्याच्या शिक्रातून वाग्दत्त वधूकडे सोने द्यायला निघाला होता. मार्गिकेवर त्याचा वेग परवानगीच्या आतच होता. माळावरच्या एका वळणावर आडवा वारा आला, मोटारीची पिछाडी सुटली आणि ती कडेला उभ्या असलेल्या देखभालीच्या गाडीवर गेली. तिथे शंकू मांडत असलेला सुदाम गव्हाणे नावाचा कर्मचारी जागीच गेला. निषादचे गळ्याचे हाड मोडले. पिसारा मिटलेलाच होता. सातही छिद्रांनी अखेरपर्यंत ‘ओढा नाही’ असे कळवले होते, आणि सर्वांचे एकमत असल्याने यंत्र निर्दोष आहे असे तेजोयानने त्याच संध्याकाळी जाहीर केले. मग पिसारा का उठला नाही? वीज वाचवण्यासाठी चालकाने तो बटणाने दाबून ठेवला असणार. पुष्कळ लोक तसे करीत. ओढाच नव्हता तर पिसारा दाबून ठेवायचा कशाला, हे कोणी विचारले नाही.

वेगमार्गिकेवरचा तो पहिलाच मृत्यू. निवृत्त न्यायमूर्ती शहाणे यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. दाबून ठेवल्याचे आयोगाने मानले, तर निषादवर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहणार होता आणि तिशीतली बरीच वर्षे त्याला तुरुंगात काढावी लागणार होती. त्याच्या वकिलाने तज्ज्ञ म्हणून मावशीचे नाव दिले. नाते उघड होते. कंपनीने हरकत घेतली नाही. नातेवाइकाची साक्ष मोडायला सोपी असते, हे तिचे वकील जाणून होते.

अपघातातल्या मोटारीचे मागचे झाकण बोगद्याच्या कार्यशाळेत आले तेव्हा त्यावर तांबूस डाग होते. पोलिसांनी ते रक्त म्हणून नोंदवले होते. मालविकाबाईंनी भिंग लावले. डाग सात होते, वाटोळे, एका ओळीत, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक छिद्र होते. रक्त इतके शिस्तीने उडत नाही. त्यांनी अतिनील दिवा धरला. लाल थराच्या कडेला हिरवट पिवळी झाक चमकली. आधी हळद, वर कुंकू.

त्या स्टुलावर बसल्या. खरवंडीकरांच्या कुळाचारात साती आसरांना मान आहे. पाण्याकाठच्या त्या सात जणींना माहेरी सात बोटे लावत, एका ओळीत, एकीला चुकवायचे नाही. मालविकाबाईंनी हे सारे विशीतच सोडून दिले होते आणि सोडल्याचे घरात वारंवार सांगितलेही होते. धाकट्या बहिणीने, निषादच्या आईने, ऋजुताने सोडले नव्हते. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची, यंत्रांची आणि वाहनांची पूजा तीच करी. मुलाच्या मोटारीच्या पाठीवर, जणू कोणी आखूनच ठेवलेल्या, सात बारीक जागा तिला दिसल्या होत्या.

बोगद्यात दुसरे झाकण बसवून त्यांनी खात्री करून घेतली. छिद्र बुजले की आतली हवा कोंडते, आणि पडदा कोंडल्या क्षणाचाच दाब सांगत राहतो. मोटार दोनशेने धावो, छिद्राच्या लेखी ती अजून दारात उभी असते. एक छिद्र असे बोलले तर बाकीची सहा त्याला खोटे पाडतील. पण सातही एकाच सुरात बोलली तर? निसर्गात तसे घडत नाही. बर्फाला, धुळीला किंवा पक्ष्याला इतकी श्रद्धा नसते. सातांपैकी चार आसरांना ऋजुता विसरली असती तर सुदाम गव्हाणे घरी गेला असता. चाके ओरडून वेग सांगत होती, पण चाकांना विचारायचेच नाही असे ठरले होते. संगणकाला बहुमत शिकवले होते, शंका शिकवली नव्हती. अशी माणसे मालविकाबाईंनी विद्यापीठाच्या समित्यांवर पुष्कळ पाहिली होती. त्यांच्या हाती निदान मोटार नव्हती.

निषादला त्यांनी सगळे सांगितले. गळ्यातल्या झोळीत हात अडकवून तो ऐकत होता. कुंकू दिसले होते का, असे त्यांनी विचारले. दिसले होते, तो म्हणाला; पण कुंकू पुसायचे नसते, आपसूक जाऊ द्यायचे असते, असे आई लहानपणापासून सांगत आली होती.

“मावशी, आईला हे सांगू नकोस,” तो म्हणाला. “मी काय ते भोगीन.”

“भोगण्याची हौस ठेव बाजूला. तू बटण दाबलं नाहीस, हे सिद्ध कसं करणार?”

“ते तू बघ. तू एवढी शिकलेली आहेस.”

दोन दिवसांनी समीरण लोटलीकर आला. हा त्यांचाच विद्यार्थी, आता तेजोयानच्या वायुगतिकी विभागाचा प्रमुख. कार्यशाळेतल्या झाकणावर त्याची नजर गेली आणि तिथेच थबकली. विद्यार्थी हुशार होता. बाहेरच्या व्हरांड्यात चहा घेताना त्याने कंपनीचे म्हणणे मांडले. अज्ञात बाह्य कारणाने छिद्रे निकामी झाली असावीत, एवढे दोन्ही बाजूंनी मान्य करावे. चालकाचा दोष नाही, यंत्राचाही नाही. निषाद सुटेल. गव्हाण्यांच्या घरी कंपनी भरघोस मदत पोचवेल. पुढच्या वर्षीच्या मोटारीत छिद्रांची साक्ष चाकांशी ताडून पाहण्याची सोय होईल, गाजावाजा न करता.

मालविकाबाईंनी विचारले, ती सोय याच मोटारीत का नव्हती.

“चाकांचं ऐकलं असतं तर पिसारा जुन्या गाड्यांसारखाच वेगावर उठला असता, मॅडम. मग आम्ही नवीन काय विकलं असतं?”

“आणि रस्त्यावर आहेत त्या शिक्रांचं काय?”

“त्या परत बोलावल्या तर कंपनी बसते. तुमच्याच वर्गातले चाळीसेक जण आहेत तिथे.”

“ते मला माहीत आहे. त्यांना उत्तीर्ण मीच केलं.”

समीरण हसला नाही. उठताना मात्र त्याने एक गोष्ट सांगितली, आणि ती धमकी आहे की कळकळ, हे त्याचे त्यालाही ठरवता आले नसावे. खरेदीकरारात एक कलम होते: वाहनाच्या पृष्ठभागावर कोणताही परकी पदार्थ लावू नये. कुंकवाचे नाव निघाले तर कंपनी ते कलम पुढे करणार. मग दोष कुंकू लावणाऱ्या हाताचा आणि ते न पुसणाऱ्या हाताचा. म्हणजे मॅडमच्याच घरातले दोन्ही.

निवड सोपी होती. गप्प राहिले तर भाचा सुटत होता, बहिणीला काही कळत नव्हते, आणि पुढच्या खंडेनवमीला राज्यभरच्या शिक्रांच्या पाठीवर कोण काय लावील हे त्या त्या घराच्या भक्तीवर सोडायचे होते. मालविकाबाईंना स्वतःची चीड आली ती एका गोष्टीची: उत्तर माहीत असूनही त्या आठवडाभर त्या समीकरणाभोवती फिरत राहिल्या.

ऋजुता दातांची डॉक्टर होती. सकाळचे रोगी आटोपल्यावर ती हात धूत असताना मालविकाबाईंनी दवाखान्याचे दार लोटले. प्रस्तावना करण्याची त्यांची रीत नव्हती. छिद्रे, कोंडलेली हवा, वारा, वळण, सगळे त्यांनी क्रमाने सांगितले, आणि समीरणचा प्रस्तावही सांगितला. ऋजुताने मध्ये एकच प्रश्न विचारला: पाण्यात कालवलेले कुंकूही असेच बसले असते का? नाही, मालविकाबाई म्हणाल्या. त्या रंगावर पाणी ठरतच नाही, ओघळून गेले असते. ऋजुताने मान हलवली. मागच्या वर्षी तसेच ओघळले होते. म्हणून यंदा तिने ते तिळाच्या तेलात कालवले होते.

ती रोग्याच्या खुर्चीवर बसली. डोक्यावरचा दिवा तसाच जळत होता.

“आयुष्यभर भोकंच बुजवली ताई मी,” ती म्हणाली. “सगळ्यात चोख बुजवली ती ही.”

मालविकाबाईंना सांत्वन येत नसे. दोष यंत्र रचणाऱ्यांचा आहे, त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य खरे असूनही किती निरुपयोगी आहे हे त्यांना बोलतानाच जाणवले.

“तुला वर्षानुवर्षं हेच हवं होतं ना? माझं कुंकू खोटं पडायला.”

“कुंकू खोटं नाही पडलं, ऋजू. त्यांची चाचणी खोटी पडली.”

“ते तू आयोगापुढे म्हण. मला म्हणू नकोस.”

पण पुढे तीच म्हणाली, की निषादला विचारायचे कारण नाही, तो नाहीच म्हणणार. गव्हाण्यांची बायको सुनावणीला दुसऱ्या रांगेत येऊन बसते. तिला ‘अज्ञात कारण’ असे कोणी सांगितलेले ऋजुताला चालणार नव्हते. “वाऱ्याचं तू सांग,” ती म्हणाली. “कुंकवाचं मी सांगते.”

आयोगापुढे मालविकाबाईंची साक्ष दीड तास चालली. न्यायमूर्ती शहाणे चिकाटीने ऐकत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि सामान्य माणूस विचारील तेच विचारले: हा पंख इतका महत्त्वाचा असतो का? आपल्या आयुष्यात तर मोटारीला शेपूट नसूनही लोक गावोगाव पोचत.

मालविकाबाई म्हणाल्या, “ऐंशीला नसतो. दोनशेला असतो. आपण दोनशेचा रस्ता बांधला आणि पंख ऐंशीचाच राहू दिला. तो मिरवायला होता. त्याच्यावर जीव टांगायचा निर्णय रस्त्याने घेतला.”

मग ऋजुता उभी राहिली. तिने सांगितले ते थोडक्यात आणि दंतवैद्याच्या नेमकेपणाने: कोणती हळद, किती तेल, कोणते बोट. कंपनीच्या वकिलांना अडाणी भाविक बाई अपेक्षित असावी. त्यांनी करारातले कलम वाचून दाखवले आणि सौम्य आवाजात विचारले, की इतक्या महागड्या, संवेदनशील यंत्राला काहीही फासण्याआधी सुशिक्षित माणसाने माहितीपुस्तिका वाचायला नको का.

“वाचली होती,” ऋजुता म्हणाली. “तुमच्या दालनात गाडी ताब्यात देताना तुमच्याच माणसाने ताट आणलं. नारळ तुमचा, हार तुमचा, कुंकू तुमचं. माझ्या हाताला धरून पहिलं स्वस्तिक तुम्ही काढायला लावलंत, फोटो काढलात. त्या दिवशी ते परकी नव्हतं का?”

वकिलांनी कागद चाळले आणि ते खाली बसले. दुसऱ्या रांगेतली गव्हाण्यांची बायको ऋजुताकडे पाहत होती. त्या पाहण्यात क्षमा नव्हती, राग होता असेही म्हणता येत नव्हते; ती बहुधा प्रथमच काय घडले ते समजून घेत होती.

अहवाल हिवाळ्यात आला. बटण दाबल्याचा पुरावा नाही, म्हणून मनुष्यवधाचा खटला नाही. मात्र डोळ्यांना दिसणारा लेप न पुसता वेगमार्गिकेवर गेल्याबद्दल निषादचा परवाना पाच वर्षांसाठी रद्द. शिक्रांना मार्गिका बंद, जोवर मालविकाबाईंच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ठरवलेल्या नव्या चाचण्या त्या पार करीत नाहीत तोवर. ऋजुता यांचा कोणताही दोष आढळत नाही, असे एक वाक्य अहवालात होते. ते वाचून ऋजुताने अहवाल मिटला आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले.

निषाद मावशीशी बोलेनासा झाला. सुटका त्याला दुसऱ्या वाटेनेही मिळत होती, आईला उभे न करता. हे तो विसरणार नव्हता, आणि हिशेब म्हणून पाहिले तर त्याचे चूक नव्हते.

चाचणीच्या दिवशी समीरण दुरुस्त केलेली शिक्रा आणि चार अभियंते घेऊन बोगद्यावर आला. त्यांनी ‘प्रमाणित लेप’ तयार करून आणला होता: तोलून मोजलेली भुकटी, ती समान जाडीने पसरणारे एक यंत्र. मालविकाबाईंनी विचारले, खंडेनवमीला हे यंत्र घरोघर जाणार आहे का. मग त्यांनी बहिणीला बोलावून घेतले.

ऋजुता दवाखान्यातून तशीच आली. कोणी तरी हातमोजे पुढे केले. तिने ते परत दिले. तिने वाटीत तेल घेतले, कुंकू कालवले, आणि अनामिकेने पहिल्या छिद्राला लावताना हात क्षणभर अधांतरी थांबला. नेहमीसारखेच लावू ना, तिने विचारले. नेहमीसारखेच, मालविकाबाई म्हणाल्या. मग ती सातव्यापर्यंत थांबली नाही. अभियंते शाळेतल्या मुलांसारखे ओळीने उभे राहून पाहत होते.

पंखे सुरू झाले. काचेपलीकडे मोटार फिरत्या रुळांवर जागच्या जागी धावू लागली. सातही छिद्रे म्हणत होती, ओढा नाही. या वेळी चाकांनाही विचारले जात होते. वेग वाढला. मग पिसारा हलला, अडखळला आणि उठला. एका अभियंत्याने टाळी वाजवली आणि दुसऱ्या कोणी वाजवली नाही म्हणून थांबला. समीरणने सहीसाठी प्रमाणपत्राचा फलक पुढे केला.

“किती वेळ लागला याला?” ऋजुताने विचारले.

चाके आणि छिद्रे यांच्यातला वाद मिटवायला संगणकाला तीन सेकंद लागले होते. ते मापदंडात बसते, समीरणने समजावले. वाहन साधारणतः सरळ रस्त्यावरच वेग घेते.

“निषादला त्या वळणावर तीन सेकंद होते का, ताई?”

खोटे बोलावे का, याचा मालविकाबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. वळणाचा नकाशा त्यांना पाठ होता.

“नव्हते,” त्या म्हणाल्या.

ऋजुताने मान हलवली, जणू क्ष-किरणाच्या चित्रात जे दिसायचे तेच दिसले. समीरण म्हणाला, मॅडम, पिसारा उठला आहे, सही करायला हरकत नसावी. मालविकाबाईंनी फलक त्याच्या हातात परत दिला आणि वारा बंद करायला सांगितला. पुन्हा करायचे होते. आणि पुन्हा, तीन सेकंदांचा अर्धा सेकंद होईपर्यंत.

बोगद्यातला वारा बटण दाबताच थांबत नाही. पंखे फिरायचे थांबले तरी तो बराच वेळ आपल्या जोरावर वाहत राहतो. त्या दोघी काचेपाशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तो ओसरण्याची वाट पाहत. कुंकवाची वाटी ऋजुताच्या हातातच होती.